मंजुरीची चौकट

"नऊ नंबर गेला," हे म्हणाले आणि पेन्सिलीनं नकाशावर एक फुली मारली.

जिल्हा परिषदेच्या सभागृहात शेवटून दुसऱ्या रांगेत आम्ही दोघं बसलो होतो. समोर पांढऱ्या पडद्यावर रिकाम्या केंद्रांची यादी, पडद्याखाली टेबल, टेबलामागे तीन अधिकारी आणि एक कारकून. सेवाज्येष्ठतेप्रमाणे एकेकाचं नाव पुकारायचे. ज्याचं नाव येईल त्यानं पुढं जायचं, पडद्यावर बघून केंद्र सांगायचं आणि सही करायची. की झाला तो शिक्षकाचा केंद्रप्रमुख, म्हणजे दहा-बारा शाळांवर देखरेख करणारा साहेब. नको असेल तर तिथंच नकाराच्या कागदावर सही. या प्रकाराला आमच्या खात्यात समुपदेशन म्हणतात. बावीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाचं पुढचं आयुष्य तिथं साधारण दीड मिनिटात ठरतं.

माझा नंबर चौदावा होता.

"माडगेवाडी अजून शिल्लक आहे," हे माझ्या कानाशी पुटपुटले. "घरापासून नऊ किलोमीटर. रस्ता डांबरी. तुझ्या आधीच्या चौघांतले तिघं पश्चिमेकडचे आहेत, ते इकडं कशाला येतील?"

"हं."

"हं काय? चांगलं आहे की."

"चांगलंच आहे."

"पाणी देऊ?"

"नको."

तासाभरात चौथ्यांदा पाणी विचारलं होतं. नकाशा यांनी स्वतः काढला होता. आमचे हे, पार्श्वनाथ मगदूम, पाटबंधारे खात्यात आरेखक. आयुष्यभर कालव्यांचे नकाशे काढलेला माणूस; भाजी आणायला निघाले तरी मनातल्या मनात मोजपट्टी लावणार. आमचं घर मध्यभागी धरून त्यांनी कंपासनं दहा-दहा किलोमीटरची वर्तुळं आखली होती आणि प्रत्येक रिकामं केंद्र लाल टिंबानं दाखवलं होतं. आजूबाजूच्या चार-पाच मास्तरांनी तो नकाशा वाकून वाकून बघितला. एकानं तर झेरॉक्स मिळेल का म्हणून विचारलं. यांची छाती वीतभर फुगली आणि मी मान फिरवून पडद्याकडं बघितलं.

कारण मला केंद्रप्रमुख व्हायचं नव्हतं. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं आणि आता सांगायची सोयही राहिली नव्हती. गुरुवारीच माझा निरोप समारंभ होऊन गेला होता.

शिंगेवस्तीच्या शाळेत मी अकरा वर्षं होते. नावाला पदवीधर शिक्षिका, पण पहिलीचा वर्ग दरवर्षी मी मागून घ्यायची. तिथली मुलं घरी कानडी बोलतात. जूनमध्ये माझ्याकडं नुसती टकामका बघत बसतात आणि दिवाळीला दुकानांवरच्या पाट्या वाचायला लागतात. त्या चार महिन्यांत नेमकं काय होतं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. पण ते माझ्या हातून होतं, एवढं मला ठाऊक होतं. दुसरं काहीही मला तितकं चांगलं येत नाही.

आता यादीत नाव लागलं, शनिवारी समुपदेशन, तिथंच आदेश हातात आणि सोमवारी नव्या जागी हजर व्हायचं. मग निरोप द्यायचा कधी? तर आधी. आमच्या भागात असंच करतात. आदेश यायच्या आधी नारळ फुटतो. गावानं मांडव घातला, शाळेपुढं सडा टाकला. सरपंच कमळाबाई शिंगे बोलायला उभ्या राहिल्या आणि दोन वाक्यांत रडायला लागल्या. त्यांचं बघून बायका रडल्या, बायकांचं बघून पहिलीचा वर्ग रडला. शाल झाली, श्रीफळ झालं. शेवटी यल्लाप्पा सुतार पुढं आला आणि कापडात गुंडाळलेली सागवानी पाटी त्यानं माझ्या हातात दिली. वर माझं नाव, कुमुदिनी पा. मगदूम, आणि खाली ठसठशीत अक्षरांत 'केंद्रप्रमुख'.

"कोरून केलंय बाई," तो म्हणाला. "रंग गेला तरी अक्षर जायचं न्हाई."

मीही रडले. लोकांना वाटलं, गाव सोडून जाते म्हणून रडते. तेही होतंच. पण खरी रडले मी त्या खालच्या ओळीसाठी. शाल पांघरून, नारळ घेऊन, सगळ्या गावाबरोबर फोटो काढून झाल्यावर माणूस नको म्हणेल कसा?

आणि गावाचं एकवेळ राहू दे. घरातल्या तक्त्याचं काय करणार होते मी?

तो तक्ता आमच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता. लग्नानंतरच्या पहिल्या पाडव्याला यांनी मला ओवाळणीत साडी दिली आणि साडीबरोबर हा तक्ता. ट्रेसिंग पेपरवर, शाईनं, खात्यातल्या नकाशासारखाच. डावीकडून उजवीकडं वर्षं, एक सेंटिमीटरला एक वर्ष. दोन रेघा. निळी यांची, लाल माझी. निळी थोडी चढून सपाट झाली होती आणि शेवटपर्यंत सपाटच. लाल मात्र पायऱ्या चढत वर वर गेलेली. शिक्षिका, केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी आणि अगदी वर, निवृत्तीच्या थोडं आधी, शिक्षणाधिकारी. किती सुबक काढलंय म्हणून मी तेव्हा कौतुक केलं. त्यानंतर रोज कपाट उघडलं की ती लाल रेघ माझ्याकडं बघायची. मी साडी काढायची, कपाळाची जुनी टिकली तक्त्याच्या कोपऱ्यात चिकटवायची आणि दार लावून घ्यायची. यांनी एवढ्या हौसेनं माझं आयुष्य आखलंय, तर त्याला नाही कसं म्हणायचं, असं मला वाटायचं. दर वर्षी यादी लागली की हे विचारायचे, नंबर किती पुढं सरकला? मी सांगायची. हे पट्टी घेऊन कपाटापाशी जायचे.

आधीच्या वर्षी मी ते काम करूनही बघितलं होतं. आमचे केंद्रप्रमुख आजारी पडले आणि तीन महिने तात्पुरता कारभार माझ्याकडं आला. अकरा शाळा फिरले. एका वस्तीवर गेले तर पहिलीला शिकवणारी तरुण बाई मला बघून ताडकन उभी राहिली आणि मुलांनी केलेले मातीचे बैल तिनं पायानं टेबलाखाली सारले. वर्गात पसारा दिसू नये म्हणून. मी म्हटलं, अगं बघू की बैल. ती म्हणाली, नाही मॅडम, माहिती तयार आहे, आजची माहिती तयार आहे. त्या दिवशी घरी आल्यावर पदर बघितला. खडूचा एक डाग नव्हता. मला इतकं चुकल्याचुकल्यासारखं झालं की मी यांच्याशी धड बोलले नाही. यांना वाटलं, कामाचा ताण. म्हणाले, सवय होईल हळूहळू.

"बारा नंबर गेला," हे म्हणाले. फुली मारली. "माडगेवाडी आहे अजून!"

तेवढ्यात कारकुनानं माईकवर सांगितलं की जेवणाची सुट्टी, पाऊण तासानं तेरा नंबरपासून पुढं सुरू.

आवारात मागच्या बाजूला एक मोठी पायरी होती, तिथं आम्ही डबा उघडला. ज्वारीच्या भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी, वांग्याची भाजी. शेजारी नसीमा मुल्ला येऊन बसली. नसीमा डी.एड.पासूनची माझी मैत्रीण आणि यादीत माझ्याच मागं, पंधरावी. तिला मात्र हे पद मनापासून हवं होतं. चार माणसांना कामाला लावायला तिला आवडायचं आणि ती ते कधी लपवायची नाही. कॉलेजात असताना जेवणाच्या पंगतीत कुणी कुठं बसायचं तेसुद्धा हीच ठरवायची.

"माडगेवाडी तुला सुटणार," ती म्हणाली, "आणि मी जाणार साठ किलोमीटर लांब. जाऊ दे, मी तिथंही हलवून सोडेन सगळ्यांना." मग माझ्या तोंडाकडं बघून थांबली. "दाजी, जरा हिच्याकडं बघा. ही बाई बारशाला आलीय की बाराव्याला?"

"दमलीय ती," हे म्हणाले.

"दमलेला चेहरा असा नसतो," नसीमा म्हणाली आणि हात धुवायला नळाकडं गेली.

यांनी माझ्याकडं बघितलं. म्हणजे खरंच बघितलं. सकाळपासून ते नकाशाकडं बघत होते आणि मी पडद्याकडं.

"कुमुद, बरं वाटत नाही का?"

"बरं वाटतंय."

"मग?"

माझ्या हातात भाकरीचा तुकडा होता. तो मी चटणीत बुडवला, वर काढला, परत बुडवला. अजून पाऊण तास गप्प बसले असते तर सगळं आपोआप होऊन गेलं असतं. पण मी मान वर केली.

"अहो," मी म्हटलं, "मला नाही व्हायचं केंद्रप्रमुख."

यांनी चटणीच्या डबीचं झाकण लावलं. मग काढलं. मग परत लावलं.

"कधीपासून?"

"कधीपासून काय?"

"कधीपासून व्हायचं नाही?"

मी विचार केला. खोटं बोलायचं नव्हतं, निदान आता तरी. "मला वाटतं, कधी व्हायचंच नव्हतं."

हे भडकतील असं मला वाटलं होतं. किंवा गप्प होतील. गप्प झाले की दोन-दोन दिवस गप्प असतात. यातलं काहीच झालं नाही. ते नुसते चक्रावून माझ्याकडं बघत राहिले.

"पण तूच म्हणाली होतीस!"

"मी? काय म्हणाले होते?"

"तुला बघायला आलो होतो तेव्हा. शिऱ्याची बशी हातात होती तुझ्या. आमच्या काकांनी विचारलं, नोकरी तर लागली, आता पुढं काय ठरवलंय? तू म्हणालीस, मला शिक्षणाधिकारी व्हायचंय. अशी ठणकावून म्हणालीस! काकांच्या हातातला चमचा खाली पडला. मी तिथंच ठरवलं, करायचं तर हिच्याशीच. पण हिच्या आड यायचं नाही."

मला तो दिवस आठवला. शिरा आठवला, चमचाही आठवला. आणि त्याआधी स्वयंपाकघरात उभे राहिलेले आमचे दादा आठवले.

"अहो, ते दादांनी घोकून घेतलं होतं माझ्याकडून!" मी म्हटलं. "सकाळपासून तीनदा म्हणायला लावलं. मुलगा सरकारी खात्यात आहे, नुसती मास्तरीण आहे म्हणू नकोस, पुढं जाणार आहे असं सांग. मी म्हटलं, पुढं म्हणजे कुठं? तर म्हणाले, एकदम वरचं सांग, शिक्षणाधिकारी म्हण."

"म्हणजे ते तुझं नव्हतं?"

"मला शिक्षणाधिकारी म्हणजे काय ते तरी कुठं ठाऊक होतं! वीस वर्षांची होते मी. आणि तुम्ही मग तो तक्ता आणून दिलात. मला वाटलं, हा तुमचा हट्ट आहे."

"माझा?" यांचा आवाज एकदम वर गेला. शेजारच्या पायरीवरचे दोन मास्तर वळून बघायला लागले. यांनी आवाज खाली आणला. "मला वाटलं, ते तुझ्या मनातलं आहे. मी फक्त आखून दिलं. दुसरं काय येतं मला?"

बावीस वर्षं. एका कपाटाच्या दारावर आम्ही दोघं एकमेकांची हौस भागवत आलो होतो आणि ती हौस निघाली आमच्या दादांची, जे लग्न ठरल्यावर ती गोष्ट विसरूनही गेले होते. आधी मला रडू येईल असं वाटलं. पण हे खांदे हलवत हसायला लागले, आवाज न करता, आणि मग मलाही थांबवेना. भाकरीचा तुकडा हातातून पडला.

हसून झाल्यावर मला ती निळी रेघ आठवली आणि माझं हसू गेलं.

"आणि तुमची परीक्षा?" मी विचारलं. "खात्याची, शाखा अभियंत्याची. तीनदा फॉर्म आला, तुम्ही भरला नाहीत. ती माझ्यापायीच सोडलीत ना? माझ्या बदल्या होतील, घर कोण बघणार म्हणून?"

पडलेला भाकरीचा तुकडा यांनी उचलून कडेला ठेवला.

"सगळ्यांना तसंच सांगितलं होतं," म्हणाले.

"म्हणजे?"

"हसू नकोस. शाखा अभियंता झालं की साइटवर उभं राहायचं, ठेकेदाराशी भांडायचं, पाणी सुटलं नाही की शेतकऱ्यांच्या शिव्या खायच्या. मला जमलं असतं का ते? मला बोर्डावर वाकून रेघा मारायच्या असतात. कार्यालयात साहेबांनी विचारलं की मी सांगायचो, बायको वर जाणार आहे, मला जागा सोडता येणार नाही. साहेब म्हणायचे, वा, मगदूम, असा नवरा पाहिजे." मग खाली बघत म्हणाले, "तुझ्या नावावर सुटलो होतो मी."

"आणि मी इकडं तुमच्या त्यागाखाली दबून मेले!"

"मला काय ठाऊक!"

"मग आज मला सोडवा तुमच्या नावावर."

"सोडवतो की. काय सांगू आत जाऊन? नवरा नको म्हणतोय म्हणून सांगू?"

"काही सांगू नका. नुसतं पुढच्या रांगेत येऊन बसा."

डबा भरता भरता दोघंही एकदमच थांबलो. दोघांच्या मनात तीच गोष्ट आली होती.

"त्या पाटीचं काय?" हे म्हणाले.

"कोरलेली आहे."

"सागवानी आहे," हे म्हणाले आणि डबा उचलला.

तेरा नंबरच्या मास्तरांनी पश्चिमेकडचं केंद्र घेतलं. मग माझं नाव आलं. यांनी नकाशाची घडी घालून खिशात ठेवली होती. मी पुढं गेले. पडद्यावर माडगेवाडी तशीच होती, तिसऱ्या ओळीत.

"बोला मॅडम, कुठलं केंद्र?" मधले अधिकारी म्हणाले.

"नकार द्यायचाय साहेब."

त्यांनी मान वर केली. "नकार? चौदा नंबरला माडगेवाडी शिल्लक असताना? नकार दिला की पुढची काही वर्षं यादीत नाव येणार नाही, कल्पना आहे ना?"

"आहे."

"घरी विचारलंय?"

मी मागं बघितलं. हे पहिल्या रांगेत हातात रिकामा डबा धरून बसले होते आणि परीक्षेला बसलेल्या पोरीच्या बापासारखे माझ्याकडं बघत होते. त्यांनी मान डोलावली.

"आत्ताच विचारलं," मी म्हटलं.

कारकुनानं कागद सरकवला. स्वखुशीनं पदोन्नती नाकारत आहे, असं एक वाक्य आणि खाली ठिपक्यांची ओळ. रोजच्या हजेरीपटावर करते तशीच सही झाली. वळले आणि खरं सांगते, माझे पाय जमिनीला लागत नव्हते. इतकं हलकं मला पोरं झाल्यावरसुद्धा वाटलं नव्हतं.

मागून नसीमाचं नाव पुकारलं. तिनं पडद्याकडं बघितलंही नाही. "माडगेवाडी!" असं इतक्या जोरात म्हणाली की माईकची गरज पडली नाही. बाहेर येऊन तिनं मला एक धपाटा घातला आणि मग घट्ट मिठी मारली. "वेडी आहेस," म्हणाली, "पण माझ्या घरापासून बारा किलोमीटर!"

त्या संध्याकाळी घरी आल्यावर हे सरळ कपाटापाशी गेले. तक्ता दाराला इतका चिकटला होता की पट्टी घालून सोडवावा लागला. खालचा उजवा कोपरा सुटेना. तिथं माझ्या टिकल्यांचा थर होता. मी नखानं एकेक टिकली काढायला बसले. लाल, तपकिरी, मध्ये काही वर्षं फॅशन होती तेव्हाच्या लांबट. आणि त्यांच्याखाली एक चौकट दिसायला लागली. खात्यातल्या प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात असते तसली, तीन रकान्यांची.

आरेखन: पा. मगदूम. तपासणी: कोरं. मंजुरी: कोरं.

"हे काय?" मी विचारलं.

"मंजुरीशिवाय नकाशा अमलात येत नाही," हे म्हणाले. "ती जागा तुझी होती. तू सही करशील म्हणून वाट बघितली. पहिल्याच आठवड्यात तू तिथं टिकली लावलीस. मला वाटलं, हीच हिची सही."

या माणसानं मला विचारलं होतं. त्याच्या पद्धतीनं, कोपऱ्यात, बारीक अक्षरांत, पण विचारलं होतं. आणि मी बावीस वर्षं त्या प्रश्नावर टिकल्या चिकटवत आले होते. माझे डोळे भरून आले ते मात्र तेव्हा.

मग मी माझी पर्स उघडली, वह्या तपासायचं लाल पेन काढलं आणि तपासणीच्या रकान्यात लिहिलं, 'छान. पण पुन्हा काढा.' आणि सही केली.

रविवारी सबंध दिवस हे टेबलावर वाकून बसले. नवा कागद, नवी शाई. दुपारी मला दाखवला. निळी रेघ सरळ, लाल रेघ सरळ, एकमेकींना समांतर, माझ्या निवृत्तीच्या वर्षापर्यंत. पायऱ्या नाहीत, वर काही लिहिलेलं नाही. कोपऱ्यात तीन रकाने. मी तपासणीत सही केली. मंजुरी रिकामी ठेवली.

"का?" हे म्हणाले.

"सोमवार होऊ दे आधी. गाव काय म्हणतंय बघते."

सोमवारी शिंगेवस्तीच्या फाट्यावर उतरले. शाल, नारळ आणि कापडात गुंडाळलेली पाटी पिशवीत होती. कमळाबाई दूध संकलनापाशी किटली घेऊन उभ्या होत्या.

"बाई? काय विसरलं वो?"

"काही विसरलं नाही. परत आले."

"परत म्हंजी?"

"नको म्हणून सांगून आले. पहिलीच घेणार."

त्यांनी किटली खाली ठेवली. माझ्याकडं नीट बघितलं. "मग आमी गुरुवारी एवढं रडलो ते?"

"ते फुकट गेलं बघा," मी म्हटलं.

"व्वा! माझा पदर पिळून घ्यायची पाळी आलती की वो!" आणि मग त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की दूध घालायला आलेली सगळी माणसं आमच्याकडं बघायला लागली. "ए, आयकलं का! बाई नापास होऊन आली! आपल्याकडंच हाय!" मग माझ्या हातातली पिशवी ओढून घेत म्हणाल्या, "नारळ आना हिकडं, फोडू. पर पुडच्या टायमाला आदी कागुद दाकवायचा, मग आमी रडनार."

माझा जीव भांड्यात पडला. शाळेपर्यंत त्या माझ्याबरोबर चालत आल्या आणि वाटेत भेटेल त्याला बाई नापास झाल्याचं सांगत राहिल्या.

यल्लाप्पा सुतार मात्र हसला नाही. दुपारच्या सुट्टीत त्याच्याकडं गेले, पाटी पुढं ठेवली आणि माफी मागितली. त्यानं 'केंद्रप्रमुख'वरून अंगठा फिरवला.

"खोल गेलंय, बाई. तासलं तर फळी पातळ हुईल."

"राहू दे तशीच. मी घरात ठेवते."

"घरात ठेवायला केली व्हय मी?" तो म्हणाला. पाटी त्यानं उचलली, उजेडात धरली, पेन्सिलीनं दोन ओळींच्या मधोमध एक खूण केली आणि करवत घेतली. मी अरे-अरे करेपर्यंत खालची ओळ भुश्शात पडली होती. कडेवरून पॉलिश-कागद फिरवून त्यानं पाटी माझ्या हातात दिली. फक्त नाव.

"आता बगा," तो म्हणाला, "हलकी बी झाली."

ती पाटी आजही आमच्या दारावर आहे. मी निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, यांना होऊन सात. खालची कड जरा तिरकी गेलीय. हे येता-जाता तिच्याकडं बघतात आणि चुकचुकतात.

त्या सोमवारी मी घरी आले तेव्हा माझा पदर खडूनं माखला होता. हे कार्यालयातून लवकर आले होते आणि काही न विचारता तक्त्यापाशी उभे होते. मी पिशवीतून पाटी काढून टेबलावर ठेवली. त्यांनी ती वाचली, मग कापलेल्या कडेला पट्टी लावून बघितली. मी चष्मा लावला, दोन्ही रेघा या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितल्या आणि मंजुरीच्या रकान्यात माझं पूर्ण नाव लिहिलं.

हे वाकून बघत होते.

"तारीख राहिली," म्हणाले.